गोधडी अंथरायची, क्विल्ट टांगायचा

गोधडीचा भार पलंग घेतो. प्रदर्शनातला आर्ट क्विल्ट मात्र वरच्या एका कडेवर दिवसेंदिवस लोंबत राहतो आणि वरचा थर, मधला भर आणि अस्तर या तिन्ही थरांचं वजन त्याला सारखं खाली ओढत असतं. उत्तम शिवलेला क्विल्टही भिंतीवर गेला की मधे पोट काढतो किंवा खालून झालर धरतो, तो बहुतेक वेळा यामुळेच. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जुने अमेरिकन क्विल्ट चित्रांसारखे भिंतीवर लावले गेले. पुढे १९७९ मध्ये ओहायोतल्या अथेन्सला ‘क्विल्ट नॅशनल’ हे खास आजच्या क्विल्टांचं प्रदर्शन सुरू झालं. पलंगावरून भिंतीवर आलेल्या या कामात पहिली कात्री लावण्याआधीच टांगण्याचा विचार करावा लागतो.

क्विल्ट चॅलेंजमध्ये, म्हणजे ठरलेला विषय, माप आणि कधी कापडही देणाऱ्या स्पर्धेत, भाग घ्यायचा तर तिचं पत्रक दोनदा वाचा आणि चार गोष्टी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून मशीनसमोर चिकटवा: नेमकं माप, किती थर हवेत, दिलेलं कापड किती वापरायचं, आणि नाव झाकायचं की नाही. ‘दिलेलं कापड ओळखू यायला हवं’ असं लिहिलं असेल तर ते मागच्या अस्तराला लावून भागत नाही. अर्ध्या इंचाने माप चुकलेला क्विल्ट परीक्षकांपर्यंत पोहोचण्याआधीच बाजूला ठेवला जाऊ शकतो.

पुढचा सगळा हिशेब २४ बाय ३६ इंच उभ्या क्विल्टचा आहे. विषय ‘थर’ धरू या. इंदूरकरांना हा विषय शोधायला लांब जावं लागत नाही: राजवाड्याच्या सात मजल्यांपैकी खालचे ३ दगडी आणि वरचे ४ लाकडी आहेत. खिडक्या, सज्जे, कमानी सगळं कापडात काढायचा मोह आवरा. सात आडवे पट्टे, खाली दगडाचा जड करडा, वर लाकडाचा तपकिरी, एवढ्यानेच इमारत उभी राहते. एखाद्या पट्ट्यात एकच उजळ खिडकी ठेवली तर नजर तिथेच जाऊन थांबते.

टाके घालताना क्विल्ट आकसतो. टाके किती दाट आहेत त्यावर ३ ते ५ टक्के धरून चाला, आणि कापून सरळ करायला वेगळी जागा ठेवा. म्हणून वरचा थर २६ बाय ३९ इंचांचा करायचा. दगडाचे ३ पट्टे ७ इंचांचे आणि लाकडाचे ४ पट्टे साडेचार इंचांचे, म्हणजे २१ अधिक १८, बरोबर ३९. शिवणीला दोन्हीकडून पाव इंच लागतो, तेव्हा पट्टे साडेसात आणि पाच इंचांचे कापा. पाव इंचाची शिवण नेहमी एकाच जागी धरायला मशीनच्या पत्र्यावर सुईपासून पाव इंचावर कागदी टेपचे चार-पाच थर चिकटवा आणि कापडाची कड त्याला घासत न्या. शिवण जरा जाड झाली तर एका पट्ट्यात कळत नाही, पण सहा शिवणींत मिळून अर्धा-पाऊण इंच गळतो.

शिवायच्या आधी सगळे पट्टे भिंतीवर टाचण्यांनी लावून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. रंगात वेगळे वाटणारे करडा आणि तपकिरी त्या फोटोत एकाच छटेचे निघाले, तर सहा फुटांवरून मजले वेगळे दिसणार नाहीत. त्यातला एक सरळ बदला. ही पाच मिनिटांची तपासणी कधीच टाळू नका.

कापड महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये भरपूर मिळतं, पण सगळं नवं घ्यायची गरज नाही. दगडासाठी जाड खादी, लाकडासाठी जुन्या माहेश्वरी साडीचे तुकडे, आणि त्या एका खिडकीसाठी बाग प्रिंट. जाड कापड खाली आलं की क्विल्ट सरळ लोंबतो. माहेश्वरीत साधारणपणे ताणा रेशमी आणि बाणा सुती असतो. कापलेल्या कडेचे धागे लगेच सुटतात आणि पातळ विणीतून मागची शिवण दिसते. तिच्यामागे पातळ पेस्टिंग (इस्त्रीने चिकटणारं आधाराचं कापड) लावा, इस्त्री मंद ठेवा आणि वर मलमलचा तुकडा घ्या. जरीला इस्त्री थेट लावू नका. जुन्या साडीचा काठ मजबूत असला तरी घडीवर कापड विरलेलं असतं. उजेडासमोर धरा, विरळ दिसेल तेवढा भाग सोडून द्या. शक्य तिथे कापडाचा उभा धागा क्विल्टच्याही उभ्या दिशेत ठेवा, कारण उरेब, म्हणजे तिरका कापलेला तुकडा भिंतीवर दिवसागणिक ताणत जातो.

धार जिल्ह्यातल्या बागचं लाल-काळं ठशांचं कापड सुंदर असतं, पण लाल कोणताही असो, आधी तपासा. पांढरा सुती चिंधा ओला करून कापडावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. चिंधीवर गुलाबी डाग आला की कापड कोमट पाण्यात, पाणी निवळ होईपर्यंत धुवा. मीठ किंवा व्हिनेगर घालून तयार सुती कापडाचा रंग पक्का होत नाही. चार धुण्यांनंतरही रंग सुटत असेल तर ते कापड या कामाचं नाही, कारण पुढे क्विल्टवर पाणी मारायचं आहे.

आता मधला थर. घरच्या गादीसाठी पिंजून घेतलेला कापूस इथे नको. अंथरलेल्या गोधडीत तो जागेवर राहतो, उभ्या क्विल्टमध्ये टाक्यांच्या मधून खाली सरकतो आणि तळाशी गोळे होतात. जाड पॉलिस्टर वॅडिंगने क्विल्ट फुगतो आणि कडा नीट सपाट बसत नाहीत. सुती बॅटिंग, म्हणजे मधल्या थरासाठीच मिळणारा सपाट भर, मिळालं तर उत्तम. नाहीतर धुऊन आटवलेल्या फलालीनचे एक-दोन थर घ्या. फलालीन सपाट राहतं, सुई सहज जाते आणि लोंबतंही छान. अस्तर आणि फलालीन ३० बाय ४३ इंचांचे कापा, म्हणजे चारही बाजूंनी दोन-दोन इंच जास्त.

अस्तर उलट्या बाजूने टेबलावर ताणून कागदी टेपने चिकटवा. ताणायचं म्हणजे सुरकुती जाईल इतकंच. फार ओढलं तर टेप सोडताच ते आकसतं आणि वरचा थर चुरगळतो. त्यावर फलालीन, त्यावर वरचा थर. मधून बाहेरच्या दिशेने जात दर चार बोटांवर कच्चा धावदोरा घाला.

टाके घालण्याआधी याच तीन थरांचा एक वीतभर तुकडा करून त्यावर दोऱ्याचा ताण बसवून घ्या. १४ नंबरची नवी सुई लावा. मोकळ्या हाताने नक्षी काढायची तर कापड पुढे सरकवणारे दाते खाली घ्या. जुन्या काळ्या मशीनला ती सोय नसेल तर दात्यांवर बसणारी पट्टी लावा आणि भरतकामाचा फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) चढवा. वरच्या बाजूला बॉबिनचा दोरा ठिपक्यांसारखा दिसला तर वरचा ताण जास्त आहे, सैल करा. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की बहुतेक जण बॉबिन चाचपतात, पण दोष बहुधा वरच असतो: दोरा ताणाच्या चकत्यांत बसलेला नसतो किंवा फूट खाली केलेला नसतो. फूट वर उचला म्हणजे चकत्या उघडतात, मग दोरा पुन्हा ओवा. वळणावर खालून दोरे आडवे ओढल्यासारखे दिसत असतील तर हात तिथे जोरात फिरतो आहे. पायाची गती तीच ठेवून वळणावर हात हळू करा.

सगळ्यात मोठी चूक टाक्यांच्या दाटीत होते. मध्यभागी अगदी दाट भरून कडा मोकळ्या सोडल्या तर मधला भाग आकसतो आणि कडा लाटा मारतात. कडा दाट आणि मधला भाग मोकळा राहिला तर मधे पोट येतं. राजवाड्याच्या नक्षीत हा धोका खरा आहे, कारण दगडाचे चिरे दाखवायला हात शिवशिवतात आणि लाकडावर दोन रेघा मारून मोकळं व्हावंसं वाटतं. चिऱ्यांच्या रेघा एकेक इंचावर घेतल्या असतील तर लाकडाच्या उभ्या रेघाही तेवढ्याच जवळ घ्या. नक्षी वेगळी चालेल, दाटी सारखी हवी.

टाके झाल्यावर क्विल्ट मऊ फळीवर ठेवा, चौरस करत कडांना दर दोन इंचांवर टाचण्या लावा. खादीच्या भागावर फवाऱ्याने पाणी मारा. रेशमावर पाण्याचे डाग पडतात, तिथे लांबून वाफ द्या. पूर्ण सुकायला उन्हाळ्यात एक दिवस, पावसाळ्यात दोन-तीन. सुकल्यावरच २४ बाय ३६ कापा आणि दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही सव्वात्रेचाळीस इंच भरले तरच कोपरे काटकोनात आहेत. फक्त बाजू मोजून समाधान मानू नका, तिरपा झालेला क्विल्टही बाजूंच्या मापात बरोबर येतो.

किनारीला अडीच इंची दुहेरी पट्टी लावायची तर ४४ इंच पन्ह्याच्या कापडातून चार पट्ट्या काढा. तीन पट्ट्या तिरपे जोड दिल्यावर कमी पडतात. पट्टी आतून भरलेली असावी, पोकळ किनार परीक्षकांच्या बोटाला लगेच कळते.

टांगायची बाही, म्हणजे दांडी ओवायला क्विल्टच्या मागे शिवायची नळी, हा या कामाचा कणा. ९ इंच रुंद आणि २४ इंच लांब पट्टी घ्या, दोन्ही टोकं अर्धा इंच दोनदा दुमडून शिवा. लांबी २२ इंच राहील, म्हणजे दांडी दोन्हीकडून एक इंच उघडी राहते. पट्टी लांबीत दुमडून अर्ध्या इंचाची शिवण घाला, चार इंच रुंद नळी तयार होते. नळीची वरची कड किनारीच्या अर्धा इंच खाली टाचा आणि हाताने शिवा, टाका अस्तर आणि फलालीनपर्यंतच जाऊ द्या. खालची कड शिवताना नळी अर्धा इंच वर सरकवून घ्या, म्हणजे बाहेरच्या बाजूला ढील राहील. दांडी या ढिलीत बसते. ढील ठेवली नाही तर दांडीचा गोल पुढे दाबला जातो आणि राजवाड्याच्या वरच्या मजल्यावर आडवा उंचवटा दिसतो. बाहीची टोकंही क्विल्टला चिकटवून शिवा, नाहीतर लावणारा घाईत दांडी बाहीऐवजी मागच्या फटीत घालतो.

शिवून झाला की दोन दिवस घरच्या भिंतीवर टांगून ठेवा आणि मग खालची कड पुन्हा मोजा. फोटो उत्तरेच्या व्हरांड्यात सकाळी काढा, कॅमेरा क्विल्टच्या मधोमध आणि समांतर, चारही कडा चौकटीत. एक फोटो टाके दिसतील असा बाजूच्या उजेडात घ्या.

नाव, गाव, शीर्षक, माप आणि महिना-वर्ष लिहिलेलं लेबल मागे खालच्या कोपऱ्यात शिवा. नाव झाकायचं असेल तर त्यावर कच्च्या टाक्याने चिंधी लावा. पाठवताना घडी नको. जाड पुठ्ठ्याच्या नळीवर धुतलेलं मांजरपाट गुंडाळून क्विल्टची दर्शनी बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, म्हणजे सुरकुत्या पडल्या तरी अस्तरावर पडतात. त्यावर पुन्हा मांजरपाट, आणि प्लास्टिक फक्त पाठवायच्या दिवशी. पावसाळ्यात प्लास्टिकमध्ये राहिलेल्या रेशमाला ओल धरते.