वर्गातलं कृतिसंशोधन नेमकं कसं करायचं: आठवीचा वर्ग, दोन बल्ब आणि एक दोरी

कृतिसंशोधन, म्हणजे शिक्षकाने आपल्याच वर्गातली एखादी अडचण घेऊन, तिच्यावर उपाय करून काय फरक पडला ते तपासणं, म्हटलं की आपल्या शिक्षकांतल्या बहुतेकांना बी.एड.ची फाईल आठवते. समस्या, कारणं, परिकल्पना, उपाययोजना, आणि शेवटच्या पानावर ठरलेलं वाक्य, 'विद्यार्थ्यांच्या संपादणुकीत वाढ झाल्याचे दिसून आले'. ती फाईल कपाटात जाते आणि वर्गात आपण पुन्हा तसंच शिकवतो जसं आधी शिकवत होतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण विज्ञानाच्या शिक्षकाला यासारखं कामाचं साधन दुसरं नाही. म्हणून मी स्वतः कसं करते ते इथे सविस्तर लिहिते, सहावी ते दहावी कुठल्याही वर्गाला चालेल.

सगळ्यात आधी प्रश्न छोटा करा. 'विद्यार्थ्यांना विज्ञानाची गोडी नाही' हा प्रश्न संशोधनाचा नाही, त्याचं मोजमाप कसं करणार? 'विद्युत हे प्रकरण अवघड जातं' हेसुद्धा मोठंच आहे. माझा प्रश्न असा होता: एकसरीत (म्हणजे एकामागे एक) जोडलेल्या दोन बल्बमधून जाणारी विद्युतधारा सारखीच असते हे आठवीच्या मुलांना खरंच पटतं का, आणि पटत नसेल तर कशाने पटेल? बस, एवढाच. एक संकल्पना, एक वर्ग, पाच-सहा तासिका. आठवीच्या पुस्तकात धाराविद्युत आहेच, त्यामुळे वेगळा वेळ काढायला लागत नाही, पाठ टाचणात नीट बसतं.

आता खरं महत्त्वाचं काम, ते म्हणजे शिकवायच्या आधी मुलांना काय वाटतं ते लिहून घेणं. नुसता बहुपर्यायी प्रश्न देऊ नका, कारण चार पर्यायांत अंदाजाने चौथा हिस्सा उत्तरं बरोबर येतातच. दोन पायऱ्यांचा प्रश्न करा, आधी उत्तर आणि खाली 'असं का वाटतं?' यासाठी तीन-चार ओळी मोकळ्या. (ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड ट्रेगस्ट यांनी १९८०च्या दशकात अशा दोन पायऱ्यांच्या चाचण्या बनवायची पद्धत घालून दिली, ती आजही तितकीच उपयोगी आहे.) मी फळ्यावर चित्र काढलं, दोन सेल, एकामागे एक दोन सारखे बल्ब, आणि विचारलं की कुठला बल्ब जास्त उजळेल. आणि वर सांगितलं की याला मार्क नाहीत, वहीत लाल शाई होणार नाही. हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर मुलं तुम्हाला आवडेल ते लिहितात.

उत्तरं वाचत बसले तेव्हा एका मुलीचं वाक्य असं होतं, 'पहिला बल्ब वीज खातो मग उरलेली दुसऱ्याला मिळते म्हणून दुसरा बारीक पेटेल.' अर्ध्याहून जास्त वर्गाचं म्हणणं थोड्याफार फरकाने हेच. हे वाक्य जसंच्या तसं उतरवून ठेवा, शुद्ध करू नका, 'विद्यार्थ्यांची संकल्पना अस्पष्ट आहे' असं तर अजिबात लिहू नका. कारण ती अस्पष्ट नाहीये, चांगली स्पष्ट आहे, फक्त चुकीची आहे! आणि ती कुठून आली ते पाहा, आपण घरात दिवसभर म्हणतो की फ्रिज वीज खातो, गीझर वीज खातो, वीज वाचवा. मराठीत 'वीज' या एकाच शब्दात धारा पण आली, ऊर्जा पण आली आणि आभाळातली कडाडणारी पण. मुलगी ऊर्जेबद्दल बरोबर बोलतेय, फक्त तिने ते धारेला लावलंय. हे कळलं की उपाय आपोआप सुचायला लागतो, आणि हे कळायचं असेल तर मुलाचं वाक्यच हातात पाहिजे, मार्क नाही.

अशा कल्पना फक्त आपल्याच मुलांच्या असतात असं नाही. न्यूझीलंडमध्ये रॉजर ऑस्बोर्न आणि इंग्लंडात लीड्सला रोझालिंड ड्रायव्हर यांनी चाळीसेक वर्षांपूर्वी मुलांशी बोलून बोलून हेच शोधलं होतं, 'धारा बल्बमध्ये संपते' ही कल्पना तिकडच्या मुलांतही भरपूर. आपल्याकडे मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, ते १९७४ पासून मुलं विज्ञान कसं शिकतात यावर काम करतं. म्हणजे 'आमची पोरंच कच्ची' असं म्हणायची गरज नाही.

उपाय म्हणून मी भाकीत-निरीक्षण-स्पष्टीकरण ही पद्धत वापरली. प्रयोग दाखवायच्या आधी प्रत्येकाने काय होईल ते कागदावर लिहायचं, मग बघायचं, मग जे दिसलं ते आपल्या अंदाजाशी का जुळलं किंवा नाही जुळलं ते लिहायचं. ऐकायला सोपं आहे पण भाकीत लिहून घ्यायचं विसरलं तर सगळं वाया जातं, कारण प्रयोग झाल्यावर प्रत्येक मूल म्हणतं 'मला माहितीच होतं'.

आणि इथेच माझी पहिली तासिका पूर्ण फसली. टॉर्चचे अडीच व्होल्टचे दोन बल्ब, दोन सेल, सगळं जोडलं आणि दुसरा बल्ब खरंच मंद पेटला. वर्गात एकच आरडाओरडा, बघा मॅडम, सांगितलं होतं ना! मी घाबरले. मग लक्षात आलं की एकाच डब्यातले बल्बसुद्धा हुबेहूब सारखे नसतात, फिलामेंटमध्ये, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेत, थोडा फरक असतोच. मी मुलांनाच विचारलं, आता हे तपासायचं कसं? मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, तो म्हणाला 'अदलाबदल करून बघू'. केली. मंद बल्ब आता पहिल्या जागेवर आला आणि तरीही मंदच. वर्ग एकदम गप्प. म्हणजे दोष जागेचा नाही, त्या बल्बचा आहे. माझ्या दृष्टीने त्या प्रकरणातली सगळ्यात चांगली दहा मिनिटं तीच, आणि ती माझ्या योजनेत नव्हतीच. म्हणून रोज शाळा सुटल्यावर पाच मिनिटं बसून काय ठरवलं होतं आणि काय घडलं ते तारीख घालून लिहा. नंतर आठवून लिहू म्हटलं तर असलं काही आठवत नाही.

साहित्याबद्दल दोन-तीन गोष्टी. एलईडी घेऊ नका, तो धारा एकाच दिशेने गेली तरच पेटतो आणि एकसरीत दोन जोडले तर दोन सेलवर पेटतही नाही, मुलांचा गोंधळ वाढतो. फिलामेंटचा बल्ब आता प्रत्येक दुकानात मिळत नाही, आधीच शोधून ठेवा. अ‍ॅमीटर (धारा मोजायचं यंत्र) एकच घ्या आणि तोच तीन ठिकाणी लावा, पहिल्या बल्बच्या आधी, दोघांच्या मध्ये आणि शेवटी. वेगवेगळे तीन लावले तर त्यांचे काटेच एकमेकांशी जुळत नाहीत. वाचन झालं की लगेच कळ बंद करा, नाहीतर सेल उतरत जातो, शेवटचं वाचन कमी येतं आणि मुलं परत म्हणणार की धारा संपली.

नुसत्या आकड्यांनी पटत नाही हे मी अनुभवाने सांगते. तिन्ही वाचनं सारखी आली तरी एक मुलगी विचारत होती, 'मग बल्ब पेटतो कशावर?' रास्त प्रश्न आहे! तेव्हा आम्ही दोरी काढली. लांब दोरीला गाठ मारून मोठं कडं केलं, मुलं गोल उभी, सगळ्यांच्या मुठीतून दोरी सैल जाते, आणि एक जण ती सारखी ओढत फिरवतो, तो सेल. आता एकीने मूठ थोडी घट्ट करायची, ती बल्ब. थोड्या वेळाने ती ओरडली, 'मॅडम, हात गरम झाला!' दोरी तिच्या हातात जेवढी शिरली तेवढीच बाहेर गेली, कमी झाली नाही, तरी हात तापला. ओढणारा मात्र दमला. धारा तीच राहते आणि ऊर्जा सेलकडून बल्बकडे जाते, हे मी फळ्यावर अनेक वर्षं लिहीत आले होते, पण त्या दिवशी ते मुलांच्या तळहाताला कळलं.

अजून एक गोष्ट करा, मोबाईलवर स्वतःचा एक तास रेकॉर्ड करा, फक्त आवाज. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने दाखवून दिलं होतं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर साधारण एक सेकंदच थांबतात, आणि तीन सेकंद किंवा त्याहून जास्त थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. स्वतःचं रेकॉर्डिंग ऐका, किती घाई करतो आपण ते कळेल.

आता मोजणं. नंतरची चाचणी तीच कल्पना तपासणारी पण चित्र वेगळं, तीन बल्ब किंवा एक बल्ब आणि एक रोधक (धारेला अडथळा करणारा भाग). फक्त त्याच मुलांचा हिशोब धरा ज्यांनी दोन्ही चाचण्या दिल्यात. वाढ काढताना नुसती वजाबाकी करू नका. अमेरिकेतल्या रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये ६,००० हून जास्त विद्यार्थ्यांच्या भौतिकशास्त्राच्या चाचण्या एकत्र अभ्यासल्या तेव्हा एक साधं सूत्र वापरलं, प्रत्यक्ष झालेली वाढ भागिले शक्य असलेली वाढ. समजा दहापैकी आधी सरासरी ४ आणि नंतर ७, तर वाढ ३, शक्य होती ६, म्हणजे ०.५. हेक यांच्या अभ्यासात नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांची सरासरी साधारण ०.२३ आणि मुलांना विचार, चर्चा करायला लावणाऱ्या वर्गांची ०.४८ निघाली. ते हायस्कूल आणि कॉलेजचे वर्ग, चाचणीही बल आणि गतीची, त्यामुळे आपला आकडा थेट त्यांच्याशी लावू नका, पण सूत्र उपयोगाचं आहे. त्याशिवाय कारणांच्या ओळींचे गट करा, 'धारा संपते', 'धारा सारखी', 'सांगता येत नाही', आणि कोण कुठून कुठे गेलं त्याचा तक्ता करा. गट पाडताना शेजारच्या वर्गाच्या शिक्षकांना तेच दहा-बारा कागद वेगळे वाचायला द्या, जिथे तुमचं त्यांचं जमत नाही तिथे तुमची व्याख्या ढिली आहे.

तुलनेसाठी 'ब' तुकडीला मुद्दाम जुन्या पद्धतीने शिकवू नका. एक तर ते त्या मुलांवर अन्याय आहे, आणि दुसरं म्हणजे तुकड्या सारख्या नसतातच, शेवटच्या तासिकेला पेंगणारी तुकडी आणि सकाळच्या पहिल्या तासाची तुकडी यांची कसली तुलना. त्याच मुलांचं आधी-नंतर पुरेसं आहे, फक्त निष्कर्ष तेवढाच लिहा, 'या वर्गात असं घडलं'. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेवा, अहवालात मुलांची नावं नकोत, क्रमांक टाका, आणि एखाद्याचं वाक्य वर्गात वाचायचं असेल तर त्याला आधी विचारा.

शेवटची चाचणी दिवाळीच्या सुट्टीनंतर घ्या, न सांगता, एकच प्रश्न. बहुतेक लोक हे सोडून देतात आणि माझ्या मते निम्मं संशोधन इथेच आहे. मी घेतली तेव्हा 'वीज खातो' लिहिणाऱ्या त्या मुलीने लिहिलं होतं, 'धारा सारखीच, दोरीसारखी'. पण तीन-चार मुलं परत जुन्या उत्तरावर गेली होती, आणि एकाने लिहिलं होतं, 'धारा सारखी आहे पण जास्त बल्ब लावले की सगळेच बारीक होतात, मग घरात तसं का होत नाही?' पुढच्या फेरीसाठी मी हाच प्रश्न घेतला, समांतर जोडणी, म्हणजे घरातल्यासारखी प्रत्येक बल्बला धारेची वेगळी वाट.