जिन्यात कॉल तुटतो? वाय-फाय रोमिंगमधल्या या चुका टाळा

हॉलमध्ये सुरू केलेला व्हिडिओ कॉल घेऊन तुम्ही वरच्या खोलीत निघता आणि जिन्याच्या वळणावर चित्र गोठतं. वर सहा फुटांवर दुसरा ॲक्सेस पॉइंट (वाय-फायचा सिग्नल देणारा डबा) असतो, तरी फोन खालच्यालाच चिकटलेला! घरं, दवाखाने, लॉज इथं वाय-फाय बसवताना ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकतो. लोक वैतागून आणखी एक राउटर आणतात. कृपया थांबा, बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

मोबाईल नेटवर्कमध्ये कॉल चालू असताना एका टॉवरवरून दुसऱ्यावर कधी जायचं हे नेटवर्क ठरवतं; फोन फक्त आजूबाजूच्या टॉवरचं मोजमाप कळवतो. वाय-फायमध्ये अशी उडी, म्हणजे रोमिंग, कधी मारायची हा निर्णय फोनचा असतो. आयफोन-आयपॅड सिग्नल उणे ७० डीबीएमच्या (सिग्नलचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल जोरदार) खाली घसरेपर्यंत दुसरीकडे बघतच नाहीत. बघितलं तरी डेटा चालू असताना नवा सिग्नल ८ डीबीने आणि एरवी १२ डीबीने सरस असावा लागतो.

म्हणून पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक: ॲक्सेस पॉइंटची पॉवर फुल ठेवणं. एका दुमजली दवाखान्यात वरच्या मजल्यावर नर्सच्या आयपॅडवर रिपोर्ट उघडत नव्हते. तिथं उभं राहून मोजलं तर वरचा ॲक्सेस पॉइंट उणे ४८, खालचा उणे ६८. आयपॅड खालच्यावरच होता, कारण ६८ म्हणजे त्याच्या लेखी अजून ठीक. शिवाय राउटरचा आवाज मोठा असला तरी आयपॅडचा लहानच. त्याचं उत्तर स्लॅबमधून खाली धड पोचत नव्हतं. खालच्याची पॉवर १० डीबीने उतरवली आणि आयपॅड जिन्यातच वरच्यावर जाऊ लागला. पॉवर उतरवल्यावर प्रत्येक खोलीत पुन्हा मोजा. दोघांच्या सीमेवर दोन्हीकडून उणे ६७ च्या आसपास मिळालं तर उत्तम. आणि राउटरच्या दोन पट्ट्यांपैकी २.४ गिगाहर्ट्झची पॉवर ५ गिगाहर्ट्झपेक्षा साधारण ६ डीबी कमी ठेवा, कारण ती लहर भिंतीतून जास्त लांब जाते आणि फोनला अडकवून ठेवते.

दुसरी चूक केबलची. वरचा राउटर वॅन पोर्टला (इंटरनेटची केबल लावायची जागा) जोडून राउटर मोडमध्येच ठेवलेला असतो, म्हणजे तो स्वतःचं वेगळं नेटवर्क चालवतो. खूण सोपी: खाली फोनचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८.१ ने सुरू होतो, वर १९२.१६८.० ने. पत्ता बदलला की फोनने कितीही झटपट उडी मारली तरी चालू कॉल तुटण्याचीच शक्यता जास्त. ॲक्सेस पॉइंट मोड लावा. तो नसेल तर त्या राउटरला मुख्य राउटरच्याच रांगेतला मोकळा आयपी द्या, डीएचसीपी (फोनला पत्ते वाटणारी सोय) बंद करा आणि केबल लॅन पोर्टला जोडा.

नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार सगळीकडे तंतोतंत एक हवा. चॅनल मात्र वेगळे, २.४ मध्ये १, ६ आणि ११ यांतलेच. नाव एक म्हणून चॅनलही एकच ठेवणारे बरेच भेटतात.

आता फास्ट रोमिंग, म्हणजे फोनला उडी मारायला मदत करणाऱ्या तीन सेटिंग. ८०२.११के फोनला शेजारच्या ॲक्सेस पॉइंटची यादी देतं, म्हणजे सगळे चॅनल धुंडाळत बसावं लागत नाही. ८०२.११व्ही सुचवतं की तिकडे जा. ऐकायचं की नाही ते फोन ठरवतो. ही दोन्ही चालू ठेवा. ८०२.११आर मात्र जपून वापरा. प्रत्येकाला वेगळं लॉगिन असलेल्या ऑफिसमध्ये ते फार उपयोगी पडतं, कारण दर उडीला सर्व्हरकडे पुन्हा ओळख पटवणं वाचतं. साध्या पासवर्डच्या घरात फायदा थोडा, आणि काही जुने प्रिंटर ते चालू केलं की जोडलेच जात नाहीत.

कमी सिग्नलवाल्याला बाहेर काढण्याची सेटिंग फार कडक लावू नका. फोन फेकला जातो आणि पुन्हा त्याच राउटरला येऊन चिकटतो.

प्रत्येक बदलानंतर चालून बघा. अँड्रॉइडवर वाय-फाय ॲनालायझर ॲप घ्या. मॅकवर ऑप्शन की दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की जोडलेल्या ॲक्सेस पॉइंटचा बीएसएसआयडी (त्याचा ओळख क्रमांक) आणि सिग्नल दिसतो. कुठला बीएसएसआयडी कुठल्या डब्याचा ते आधी कागदावर लिहून ठेवा. मग मुख्य राउटरला पिंग (उत्तर येतं का ते बघणारे छोटे संदेश) लावून जिना चढा. वळणावर एखाद-दुसरं उत्तर हुकलं तर चालेल. सलग पाच-सहा हुकली, तर त्याच पायरीवर थांबून दोन्हीकडचा सिग्नल मोजा.