नव्या विंडोजने जुनं सॉफ्टवेअर अडवलं तर: कुठली कडी काढायची, कुठली नाही

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट थांबले. मुंबईतली सोसायट्यांची ऑफिसं, सीएंच्या केबिनी, फोर्टातली टायपिंग-झेरॉक्सची दुकानं आता एकेक करून विंडोज ११ वर येताहेत. मशीन झकास चालतं, अडतं ते जुनं सॉफ्टवेअर. मग टेक्निशियन येतो, डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) बंद करतो, यूएसीची (बदल करण्याआधी परवानगी विचारणाऱ्या सोयीची) पट्टी तळाला ओढतो, मेमरी इंटिग्रिटी (विंडोजच्या गाभ्यात घातक कोड शिरू न देणारं संरक्षण) घालवतो आणि प्रोग्रॅम उघडला की पैसे घेऊन जातो. अडवलं नक्की कोणी, ते त्यालाही ठाऊक नसतं.

विंडोज ११ मध्ये अडवणारे अनेक आहेत आणि प्रत्येकाचा मेसेज वेगळा असतो. म्हणून ओके दाबण्याआधी मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढा. मेसेज दिसून गायब झाला असेल तर विंडोज सिक्युरिटी उघडून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शनमधली प्रोटेक्शन हिस्टरी बघा. बऱ्याचदा नाव तिथे सापडतं.

हात लावण्याआधी रिकव्हरी की

मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केलेल्या बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) होते. सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, डिव्हाइस एन्क्रिप्शन इथे ते दिसतं. बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीत) काही बदललं, किंवा पावसात भिजलेल्या लॅपटॉपचा मदरबोर्ड बदलला, तर पुढच्या वेळी निळी स्क्रीन ४८ आकडी रिकव्हरी की मागते. की नसेल तर डेटा गेलाच म्हणायचा, डिस्क कितीही धडधाकट असली तरी.

ही की ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने मशीन पहिल्यांदा सुरू झालं, त्या अकाउंटमध्ये जाते. दुकानदाराने स्वतःच्या ईमेलने सेटअप करून दिला असेल तर की त्याच्याकडे आहे! तुमच्या अकाउंटच्या वेबसाइटवर डिव्हाइसेसच्या यादीत की दिसते का ते आजच बघा आणि कागदावर लिहून फायलीत ठेवा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह केलेल्या कीचा अडचणीच्या वेळी काही उपयोग नाही. बायोस अपडेट करायचा असेल तर आधी एन्क्रिप्शन तात्पुरतं सस्पेंड करा.

निळी चौकट आणि स्मार्ट ॲप कंट्रोल

‘विंडोज प्रोटेक्टेड युअर पीसी’ अशी निळी चौकट म्हणजे स्मार्टस्क्रीन. इंटरनेटवरून आलेली, फारशी कोणी न वापरलेली फाइल ती अडवते. मोअर इन्फो दाबलं की पब्लिशरचं नाव आणि रन एनीवे दिसतं. ते दाबण्याआधी फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्स (बनवणाऱ्याची डिजिटल सही) हा टॅब आहे का बघा. टॅबच नसेल आणि फाइल व्हॉट्सॲपवरून आली असेल तर ती चालवू नका, बनवणाऱ्याच्या साइटवरून नव्याने उतरवा. फाइल खात्रीची असेल तर जनरल टॅबवर तळाशी अनब्लॉक टिक करा. चौकट पुन्हा येणार नाही.

मेसेजमध्ये स्मार्ट ॲप कंट्रोलचं नाव असेल तर गोष्ट वेगळी. इथे रन एनीवे नसतं आणि एकाच प्रोग्रॅमला सूट देण्याची सोयही नाही. हे कंट्रोल २०२२ च्या आवृत्तीपासून आलं, तेही कोऱ्या इन्स्टॉलवर. आधी काही दिवस ते नुसतं निरीक्षण करतं आणि मग स्वतःच चालू किंवा बंद होतं. त्यामुळे आठवडाभर नीट चाललेला प्रोग्रॅम अचानक अडतो आणि लोक व्हायरस शोधत बसतात. आधी विक्रेत्याकडे सही असलेली नवी आवृत्ती मागा. ती नसेलच तर कंट्रोल बंद करावं लागेल. विंडोज सिक्युरिटीच्या ॲप अँड ब्राउझर कंट्रोलमध्ये ते एका क्लिकचं काम आहे, पण बऱ्याच आवृत्त्यांवर ते पुन्हा चालू करायला विंडोज रीसेट करावं लागतं. ऑफिसच्या मशीनवर सही नसलेलं हिशेबाचं सॉफ्टवेअर रोजचं असेल तर बंद करा. घरी, मुलं वापरतात त्या लॅपटॉपवर चालूच राहू द्या.

‘एस मोड’ लिहिलेल्या स्वस्त लॅपटॉपवर फक्त स्टोअरमधली ॲप चालतात. सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन इथून बाहेर पडणं फुकट आहे, परतीची वाट मात्र नाही.

डीएससी टोकन आणि डोंगल

जीएसटी आणि इन्कम टॅक्सच्या कामात सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. डिजिटल सहीचं (डीएससी) यूएसबी टोकन लावलं की ते एका छोट्या सीडी ड्राइव्हसारखं दिसतं आणि त्यातच इन्स्टॉलर असतो. तो चालवू नका. टोकन बनलं तेव्हाचा ड्रायव्हर (विंडोजला ते उपकरण चालवायला लागणारं सॉफ्टवेअर) त्यात असतो, म्हणजे चार-पाच वर्षांपूर्वीचाही असू शकतो. टोकनवरचं मॉडेल वाचा, जुना ड्रायव्हर काढा, मशीन रीस्टार्ट करा, टोकन कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाका आणि मगच टोकन लावा.

तरीही सर्टिफिकेट दिसत नसेल आणि ‘लोकल सिक्युरिटी ऑथॉरिटी’ असा उल्लेख असलेलं नोटिफिकेशन आलं, तर पासवर्ड सांभाळणाऱ्या भागात टोकनची फाइल शिरू दिलेली नाही. तिथे मायक्रोसॉफ्टची सही असलेल्याच फाइलींना प्रवेश आहे. खरा इलाज नवा ड्रायव्हरच. रिटर्नची शेवटची तारीख आजच असेल तर विंडोज सिक्युरिटीत डिव्हाइस सिक्युरिटी, कोअर आयसोलेशन डिटेल्स इथे तेवढं एक प्रोटेक्शन बंद करून रीस्टार्ट करा आणि रिटर्न भरलं की पुन्हा चालू करा.

जुन्या मराठी डीटीपी (छपाईची पानं मांडणाऱ्या) पॅकेजांची डोंगल (लायसन्ससाठी लावायची छोटी उपकरणं) अडतात ती बहुधा मेमरी इंटिग्रिटीपाशी. त्याच पानावर तो स्विच आहे. तो बंद असेल आणि चालू होत नसेल तर खाली विसंगत ड्रायव्हरांची यादी येते. त्यातल्या नावावर क्लिक केलं की ‘ओईएम’पासून सुरू होणारं फाइलनाव दिसतं, ते लिहून घ्या. कधी कधी तो ड्रायव्हर केव्हाच काढून टाकलेल्या डोंगलचा निघतो. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून पीएनपीयूटिल कमांडच्या डिलीट-ड्रायव्हर पर्यायाने तेवढी फाइल काढा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण आणि कोड ५२ दिसला तर ड्रायव्हरची सहीच पटलेली नाही. सही तपासणी कायमची बंद करण्याचे उपाय यूट्यूबवर ढिगाने आहेत. बँकिंग होणाऱ्या मशीनवर ते करू नका.

डेटा ‘गायब’ होतो तेव्हा

सोसायटीच्या हिशेबांची कितीतरी जुनी ३२ बिट सॉफ्टवेअरं डेटा प्रोग्रॅम फाइल्समध्येच लिहितात. विंडोज तिथे साध्या युजरला लिहू देत नाही, पण प्रोग्रॅमला एररही देत नाही. फाइलची वेगळी प्रत गुपचूप त्या युजरच्या ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरात ठेवते. मॅनेजर नोंदी करतो, खजिनदार आपल्या लॉगिनने उघडतो, तर मार्चनंतरच्या पावत्याच नाहीत. कोणीतरी ‘रन ॲज अॅडमिनिस्ट्रेटर’ सुचवतं. तसं उघडलं की प्रोग्रॅम मूळ फोल्डरात लिहू लागतो आणि एकाच सोसायटीच्या दोन वह्या तयार होतात. बॅकअप होतो तो बहुधा चुकीच्या वहीचा.

सोडवायचं असं. सगळ्यांचे प्रोग्रॅम बंद करा. फाइल एक्स्प्लोररमध्ये व्ह्यू, शो, हिडन आयटम्स चालू करा. प्रत्येक युजरचं व्हर्च्युअलस्टोअर आणि मूळ डेटा फोल्डर पेन ड्राइव्हवर वेगवेगळ्या नावांनी उतरवा. डेट मॉडिफाइड बघून ताजी प्रत ठरवा. दोन्हींत नव्या नोंदी असतील तर एकीतल्या हाताने चढवाव्या लागतील, शॉर्टकट नाही. मग सॉफ्टवेअर थेट सी ड्राइव्हवर स्वतंत्र फोल्डरात टाकून ताजी प्रत तिथे ठेवा. ते प्रोग्रॅम फाइल्सवरच अडून बसलं तर फक्त डेटा फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये युजर्सना मॉडिफायची परवानगी द्या. शेवटी व्हर्च्युअलस्टोअरमधल्या फोल्डरचं नाव बदला. हे राहिलं तर प्रोग्रॅम आधी तीच जुनी प्रत वाचतो.

डॉसवरचा (विंडोजआधीच्या प्रणालीवरचा) फॉक्सप्रो हा जुना डेटाबेस प्रोग्रॅम मात्र कुठल्याही परवानगीने चालणार नाही. विंडोज ११ फक्त ६४ बिट आहे आणि डॉस चालवणारा भाग त्यात नाहीच. डॉसची नक्कल करणारा डॉसबॉक्स, किंवा व्हर्च्युअलबॉक्समध्ये जुनी विंडोज, हे नेहमीचे मार्ग. व्हिज्युअल फॉक्सप्रो ३२ बिट असल्याने चालतो.

शेअर फोल्डर आणि लॅमिंग्टन रोड

झेरॉक्स मशीनचा स्कॅन पीसीवर येणं बंद झालं असेल तर मशीन बहुधा एसएमबी १ (नेटवर्कवर फाइल शेअर करायची जुनी पद्धत) बोलतंय. नव्या विंडोजमध्ये ते मुळात नसतं, आणि २४एच२ (२०२४ च्या अपडेट) पासून प्रो आवृत्ती पासवर्ड नसलेलं शेअरही नाकारते. एसएमबी १ परत बसवू नका. जून २०१७ मध्ये न्हावा शेवा बंदराचं एक टर्मिनल ठप्प करणारा नॉटपेट्या हा घातक प्रोग्रॅम त्याच्याच छिद्राचा फायदा घेऊन पसरत होता. मशीनचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून मागा, नाहीतर स्कॅन ईमेलवर घ्या.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, कॉम्प्युटरच्या बाजारात, सेकंडहँड लॅपटॉप घेताना रन चौकटीत एमएसइन्फो३२ टाइप करून प्रोसेसर बघा. इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची हवी, म्हणजे आय ५ नंतरचा चार आकडी नंबर ८ ने सुरू झालेला चालेल, ७ ने नाही. सातव्या पिढीवरही विंडोज ११ घालून देतात, पण त्या मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच असं नाही. बायोस मोडपुढे लेगसी (सुरू होण्याची जुनी पद्धत) दिसलं तर घाईने यूईएफआय (नवी पद्धत) करू नका. डिस्क एमबीआर या जुन्या पद्धतीची असेल तर विंडोज सुरूच होणार नाही. आधी एमबीआर टू जीपीटी या विंडोजच्याच साधनाने डिस्क बदलावी लागते.

आणि विकणाऱ्याने ‘ॲक्टिव्हेटर’ (लायसन्सशिवाय विंडोज चालू करणारा प्रोग्रॅम) वापरला असेल तर त्याची खूण मागे राहते. व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, एक्सक्लूजन्स उघडा. तिथे अख्खा सी ड्राइव्ह किंवा अनोळखी फोल्डर दिसला तर डिफेंडर तिकडे बघतच नाहीये. ओळ रिमूव्ह करा आणि स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन लावा. मशीन रीस्टार्ट होऊन साधारण १५ मिनिटं घेतं, तेव्हा उघडी कामं आधी सेव्ह करा.