जर्मनीत शिकायला जाण्यापूर्वी: बोलण्याची, विचारण्याची आणि राहण्याची तयारी

जर्मनीत पदव्युत्तर शिक्षणासाठी जाणाऱ्या विद्यार्थ्याची कागदोपत्री तयारी हल्ली चोख असते. एपीएस प्रमाणपत्र (आपल्या शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी), ब्लॉक्ड अकाउंट (राहण्याच्या खर्चाची रक्कम आधीच भरून ठेवायचे खाते), आरोग्य विमा, व्हिसा यांच्या याद्या तोंडपाठ असतात आणि अनेकांनी पुण्यातल्या मॅक्स म्युलर भवनासारख्या ठिकाणी थोडीफार भाषाही शिकलेली असते. तरीही पहिल्या सत्रात जी ओढाताण होते, तिचे कारण बहुधा वेगळेच असते. आपण वाढतो त्या घरात आणि महाविद्यालयात न बोललेलेही ओळखून घेणारी माणसे भोवती असतात. जर्मनीत तुम्ही जे बोललात तेच धरले जाते आणि जे विचारले नाही ते सहसा कोणी आपणहून सांगत नाही. या एका फरकाची सवय करून घेणे हाच सांस्कृतिक तयारीचा गाभा आहे, आणि निघण्याच्या चार-सहा महिने आधीपासून ती घरीच लावून घ्यावी.

सुरुवात होकार आणि नकारापासून करावी. आपल्याकडे पाहुणा दोनदा नको म्हणतो आणि यजमान तिसऱ्यांदा आग्रह करून वाढतोच. जर्मन मित्राच्या घरी केक नको म्हटलात, तर ताट पुढे सरकते आणि विषय तिथेच संपतो. तुम्हाला काय हवे ते तुम्हीच ठरवावे, हा त्यामागचा आदर आहे. म्हणून हवे असेल तर पहिल्याच वेळी मोकळेपणाने हो म्हणावे. हीच गोष्ट कामाच्या बाबतीत अधिक महत्त्वाची ठरते. ‘बघतो’, ‘प्रयत्न करतो’ असे म्हणून आपण जो सौम्य नकार देतो, तो गटप्रकल्पातल्या जर्मन सहकाऱ्याला होकार वाटतो आणि ठरल्या दिवशी काम झाले नाही की विश्वासाला तडा जातो. ‘मला हे शुक्रवारपर्यंत जमणार नाही, मंगळवारी देतो’ असे तारखेसह सांगण्याचा सराव घरच्यांशी आणि मित्रांशी बोलतानाच करावा. सुरुवातीला हे उद्धटपणाचे वाटते, पण तिथे तो प्रामाणिकपणा समजला जातो. समोरच्याने तुमच्या कामातली चूक थेट दाखवली, तर तोही तुमचा अपमान समजू नये.

वर्गातली तयारी सर्वांत कठीण, कारण तिथे आपल्या अनेक वर्षांच्या शिस्तीशी सामना असतो. प्राध्यापक आत आले म्हणून कोणी उभे राहत नाही. व्याख्यान संपल्यावर विद्यार्थी बाकावर बोटांच्या पेरांनी टकटक करून दाद देतात. सेमिनारमध्ये मात्र तुमच्याकडून प्रश्नाची आणि मतभेदाचीही अपेक्षा असते, आणि गप्प बसलेला विद्यार्थी नम्र न वाटता तयारी न केलेला वाटू शकतो. यासाठी दोन-तीन मित्रांनी आठवड्याला एखादा शोधनिबंध वाचून त्यातल्या न पटलेल्या मुद्द्यावर प्रत्येकी पाच मिनिटे बोलावे. लिहिताना दुसऱ्याचे वाक्य किंवा कल्पना घेतली की स्रोत नोंदवण्याची सवयही आताच लावावी, कारण वाङ्मयचौर्याकडे तिथे अतिशय गांभीर्याने पाहिले जाते. प्राध्यापकांना भेटण्यासाठी ‘श्प्रेखश्टुंडे’ नावाची राखीव वेळ असते. तिच्यासाठी नेमका प्रश्न लिहिलेला छोटा ईमेल पाठवावा. परीक्षेची नोंदणी बहुतेक विद्यापीठांत मुदतीच्या आत विद्यार्थ्यानेच करायची असते, आणि नापास झाल्यास पुन्हा बसण्याच्या संधी मोजक्याच असतात. गुणपद्धतीही उलटी आहे: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर उत्तीर्ण आणि ५.० अनुत्तीर्ण.

आता घर. बरेच विद्यार्थी ‘व्हेगे’ म्हणजे एकत्र भाड्याने घेतलेल्या घरात राहतात, जिथे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचालय धुण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात. ज्याने घरी कधी शौचालय घासले नाही, त्याला हे तिथे जाऊन शिकावे लागू नये. मुलांच्या बाबतीत हे विशेष कळकळीने सांगावेसे वाटते, कारण आपल्या घरांत हे काम अजूनही आई-बहिणींवर किंवा कामाला येणाऱ्या बाईंवर सोडलेले असते. चार भाज्या, वरण-भात आणि पोळ्या स्वतः करता याव्यात. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवावी, कारण घराघरांत धूरसूचक यंत्रे बसवलेली असतात आणि मसाल्याचा वास सहनिवाशांच्या कपड्यांना लागला तर तेही स्पष्ट सांगतात.

शेजारधर्माचे नियमही आधीच समजून घ्यावेत. साधारणतः रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता पाळायची असते. रविवारी बहुतेक दुकाने बंद असल्याने किराणा शनिवारीच भरावा लागतो. कागद, जैविक कचरा, वेष्टने आणि उरलेला कचरा वेगवेगळ्या डब्यांत जातो. काचेच्या बाटल्या रंगानुसार वेगळ्या टाकतात, त्याही रविवारी नाही. प्लास्टिकच्या बहुतेक पेय-बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात बाटली परत दिल्यावर मिळते. टपालपेटीवर आपले आडनाव लावायला विसरू नये, कारण पत्रे नावावरूनच पोहोचतात आणि विमा, बँक, सरकारी कचेरी यांचा बराच व्यवहार अजून पत्रांनी चालतो.

एकटेपणाचीही तयारी लागते. डिसेंबरात हॅम्बुर्गमध्ये दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि अशा दिवसांत खोलीतून बाहेर पडण्याचे ठरलेले कारण हवे. विद्यापीठांतले खेळाचे वर्ग स्वस्त असतात आणि ओळखी तिथेच सहज होतात. म्युनिक, फ्रँकफर्टसारख्या शहरांत मराठी मंडळी गणेशोत्सवासाठी एकत्र येतात, त्यांचा आधार जरूर घ्यावा. मात्र राहणे, जेवणे आणि अभ्यास सारेच भारतीयांच्या घोळक्यात झाले, तर भाषा अडते आणि वर्गातले संकोचही तसेच राहतात.

शेवटी आई-वडिलांशी निघण्यापूर्वीच बोलून घ्यावे. वेळेतला फरक उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा असतो, त्यामुळे रोजच्या फोनऐवजी आठवड्यातले दोन वार आणि वेळ ठरवावी, आणि परीक्षेच्या काळात फोन आला नाही तर काळजी करू नये, हेही त्यांना आधीच सांगून ठेवावे.