वाफेच्या मॉडेल इंजिनासाठी बारीक सुटे भाग कसे शोधावेत

क्रँकपिनचा, म्हणजे चाकाला रॉड जोडणाऱ्या खिळीचा, एक स्क्रू निखळला तरी चांगलं चालणारं मॉडेल रेल्वे इंजिन जागेवर थांबतं. मग बहुतेक जण इंजिनाचं नाव घेऊन भाग विचारत फिरतात. नावाने सुरुवात होते, पण भाग मिळतो तो मापावर.

आधी इंजिनाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा. कडा असलेल्या ट्रेमध्ये पांढरं कापड अंथरा आणि त्यावरच इंजिन उघडा, म्हणजे उडालेली स्प्रिंग सापडते. मोडलेला तुकडा फेकू नका, नव्या भागाचा नमुना तोच. बऱ्याचदा इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला तसाच भाग शाबूत असतो, त्याचंही माप घ्या.

मग कंपनीचा सुट्या भागांचा तक्ता शोधा. हॉर्नबी या ब्रिटिश मॉडेल रेल्वे कंपनीच्या सर्व्हिस शीटवर प्रत्येक भाग सुटा करून दाखवलेला असतो, शेजारी क्रमांक असतो. मॉडेलचा क्रमांक मात्र नीट जुळवा. त्यांच्या विजेवर चालणाऱ्या अनेक जुन्या इंजिनांत मोटर टेंडरमध्ये (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात) असे, पुढच्या आवृत्त्यांत ती इंजिनात आली. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात.

खरी फसगत होते ती आट्यांमध्ये. जुन्या ब्रिटिश मॉडेलांत बीए (ब्रिटिश असोसिएशन) या जुन्या मापाचे आटे असतात. ८ बीए स्क्रूचा बाहेरचा व्यास २.२ मिमी आणि दोन आट्यांमधलं अंतर ०.४३ मिमी, मेट्रिक एम२ स्क्रूचं हेच माप २ मिमी आणि ०.४ मिमी. डोळ्यांना फरक कळत नाही. ८ बीए स्क्रू एम२च्या भोकात जोर लावून फिरवलात तर पितळेतले आटे कायमचे जातात. म्हणून व्यास व्हर्नियर कॅलिपरने घ्या आणि थ्रेड गेज (आट्यांमधलं अंतर तपासायची दातेरी पट्टी) लावून पाहा. गेज नसेल तर एका आट्याच्या टोकापासून दहा आटे पुढे मोजा: एम२ला ४ मिमी येतील, ८ बीएला ४.३. घट्ट लागलं की थांबायचं, हा नियम मी तरी कधीच सोडणार नाही.

गिअरचे दाते मोजा. बाहेरच्या व्यासाला दात्यांची संख्या अधिक दोन, याने भागलं की मॉड्यूल, म्हणजे दात्यांचं माप, मिळतं: २० दाते आणि ८.८ मिमी व्यास, म्हणजे ०.४. नायलॉनचा गिअर तडकला असेल तर फट दाबून मोजा, नाहीतर व्यास जास्त भरतो.

खऱ्या वाफेवर चालणाऱ्या मॉडेलमध्ये ओ-रिंग (गळती थांबवणारी रबरी कडी) लागते. जुनी रिंग चपटी झालेली असते, त्यामुळे माप तिच्या खाचेचं घ्या. वाफेसाठी व्हायटॉन रबर चांगलं. ईपीडीएम रबर टाळा, वंगणाच्या खनिज तेलात ते फुगतं.

कंपनीकडे भाग संपला असेल तर त्याच मॉडेलचं निकामी इंजिन घेणं मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं, एका खरेदीत डझनभर भाग हाती येतात. घेण्याआधी जस्ताच्या ओतीव भागांवर बारीक तडे किंवा फुगवटा आहे का ते बघा. असा धातू आतूनच भुगा होत जातो, त्यावर इलाज नाही.

सेफ्टी व्हॉल्व्हच्या बाबतीत मात्र जुळवाजुळव करूच नका. दुसरी स्प्रिंग घातली की व्हॉल्व्ह उघडण्याचा दाब बदलतो. पूर्ण व्हॉल्व्ह त्याच बॉयलरसाठी बनवलेला, ठरलेल्या दाबाचाच घ्या.

भाग बसवल्यावर चाकं हाताने पूर्ण एक फेरा फिरवा. कुठे अडलं तर रॉड आणि क्रँकपिन तपासा, आणि चाकं सहज फिरेपर्यंत वीज किंवा वाफ देऊ नका.