डेंग्यू : ताप उतरल्यानंतरचे ४८ तास कसे सांभाळायचे

गणपती ते दिवाळी या दिवसांत इंदूरच्या घरात कुणाला सडकून ताप चढला, डोळ्यांमागे ठणकू लागले, अंग मोडून आले, की आधी कॅलेंडर काढा. ताप कोणत्या तारखेला, किती वाजता चढला ते लिहा. पुढचा प्रत्येक रिपोर्ट त्या तारखेपासून दिवस मोजूनच वाचायचा असतो.

पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ तपासणी (विषाणूच्या एका प्रथिनाची), त्यानंतर आयजीएम (आजारात आधी तयार होणाऱ्या अँटिबॉडीची). एनएस-१ निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नका. आधी डेंग्यू होऊन गेला असेल तर जुन्या अँटिबॉडी ते प्रथिन धरून ठेवतात आणि किटला ते सापडत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशीच आयजीजी (उशिरा तयार होऊन टिकून राहणारी अँटिबॉडी) पॉझिटिव्ह दिसली तर बहुधा हा दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू आहे. अशा रुग्णावर जास्त लक्ष हवे. का, ते समजून घ्या.

विषाणू शिरलेली पेशी त्याच्या प्रथिनांचे तुकडे आपल्या पृष्ठभागावर मांडते. टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, ते तुकडे ओळखतात. सीडी-८ टी पेशी बाधित पेशीला मारतात, सीडी-४ अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशींना मदत करतात. डेंग्यूचे प्रकार मात्र चार. पहिल्या वेळी एका प्रकारावर तयार झालेल्या स्मृती-पेशी दुसऱ्या प्रकारावर सर्वांत आधी धावतात, पण तो तुकडा त्यांच्या पकडीत नीट बसत नाही. मग मारणे कमी आणि टीएनएफ-अल्फासारखी दाह वाढवणारी रसायने सोडणे जास्त, असे होऊ शकते. त्यात जुन्या अँटिबॉडी विषाणूला पेशीत शिरायला मदत करतात आणि एनएस-१ रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खरवडते. सगळे मिळून केशवाहिन्या सैल पडतात, रक्तातले पाणी बाहेर झिरपते. हे घडते तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमके ताप उतरताना. म्हणून ‘ताप गेला, आता पोरगा बरा’ म्हणत घरच्यांनी हुश्श करायची वेळ आणि धोक्याची वेळ एकच असते.

त्या ४८ तासांत प्लेटलेटपेक्षा हिमॅटोक्रिटकडे, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या टक्केवारीकडे, बघा. पहिल्या दिवसांतला आकडा ४० होता आणि आता ४८ झाला, तर ती २० टक्के वाढ आहे: पाणी झिरपल्याने रक्त दाट झाले आहे. वहीत दर चार तासांनी ताप, नाडी, प्यायलेले पाणी आणि लघवीची वेळ लिहा. सहा तास लघवी नाही, पोटात सतत दुखते, उलट्या थांबत नाहीत, हिरड्या-नाकातून रक्त येते, हातपाय गार पडलेत, रुग्ण सुस्त किंवा बेचैन आहे: यातले एकही दिसले तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

मोठ्या माणसाला दिवसभरात दोन ते अडीच लिटर द्रव द्या, थोडा थोडा करून. लिटरच्या पुडीचे ओआरएस पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा; अर्धी पुडी ग्लासात अंदाजाने टाकली की मिठाचे प्रमाण बिघडते. पेज, ताक, वरणाचे पाणी चालेल. सराफा बाजारातली शिकंजी दुधाची, जड. मळमळणाऱ्या पोटाला ती नको.

तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने. २० किलोच्या मुलाला एका वेळी २०० ते ३०० मिलिग्रॅम. सिरपच्या बाटल्यांची ताकद वेगवेगळी असते, ५ मिलीमध्ये १२० किंवा २५०, म्हणून चमचा भरण्याआधी लेबल वाचा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन बंद. त्यांनी रक्तस्राव वाढतो. प्रतिकारशक्ती भडकली म्हणून स्टिरॉइड द्यावे हे वरवर पटते, पण त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही. रक्तस्राव नसताना निव्वळ आकड्याला घाबरून प्लेटलेट चढवून घेऊ नका.

झिरपणे थांबले की बाहेर गेलेले पाणी आपोआप रक्तात परत येते. तेव्हाही सलाइन जोरात चालूच राहिले तर छातीत पाणी साचून धाप लागते. लघवी भरपूर होऊ लागली की सलाइन कमी करायचे का, हे डॉक्टरांना विचारा.

ताप असेपर्यंत रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत ठेवा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो आणि रुग्णाकडून विषाणू घेऊन घरातल्या दुसऱ्याला देतो. नर्मदेचे पाणी एक दिवसाआड येते म्हणून भरून ठेवलेल्या टाक्या-पिंपांना घट्ट झाकण हवे. आठवड्यातून एकदा ती रिकामी करून कडा घासा, अंडी तिथेच चिकटलेली असतात.

आणि रिपोर्ट रद्दीत टाकू नका. पुढे कधी त्याच माणसाला ताप आला तर जुनी फाइल डॉक्टरांना पहिल्याच दिवशी दाखवा.