रात्रीच्या वणव्यावर हेलिकॉप्टर: गॉगलमधून काय दिसत नाही ते आधी शिका

नवा पायलट पहिल्यांदा नाइट व्हिजन गॉगल (अंधुक उजेड वाढवून दाखवणारी दुर्बिणीसारखी जोडी) लावतो तेव्हा हरखून जातो. डोंगर दिसतो, झाडं दिसतात, रस्ता दिसतो! मी दक्षिण कॅलिफोर्नियात रात्रपाळीच्या हेलिकॉप्टरवर क्रू चीफ आहे, मागच्या दारात बसतो. मला या हरखण्याचीच धास्ती वाटते. काय दिसतं ते आपोआप कळतं. काय दिसत नाही ते पाठ करावं लागतं.

सुरुवात हेल्मेटपासून. ते डोक्यावर हललं तर पुढची सगळी मेहनत वाया. समोर अर्ध्या किलोच्या आसपास वजन लटकणार, म्हणून मागे बॅटरी पॅक, आणि लागलं तर तोल साधायला जादा वजन. पट्टा आवळून मान झटकून बघा. मग गॉगल खाली घेऊन उंची, कल, डोळ्यापासूनचं अंतर आणि दोन नळ्यांमधलं अंतर जुळवा. दोन्ही डोळ्यांची चित्रं मिळून एकच गोल दिसला पाहिजे.

फोकस अंधाऱ्या खोलीत, टेस्ट बॉक्ससमोर, म्हणजे तपासणीच्या रेषा दाखवणाऱ्या पेटीसमोर करायचा. एक डोळा झाका. पुढच्या भिंगाने रेषा स्पष्ट करा. मग डोळ्याजवळची रिंग फिरवून चित्र मुद्दाम धूसर करा आणि हळूहळू परत आणा. रेषा स्पष्ट झाल्या त्या क्षणी हात काढा. ‘अजून जरासं’ केलंत की चित्र स्पष्टच राहतं, पण ते तुमच्या डोळ्याच्या स्नायूंच्या जोरावर, आणि तासाभरात कपाळ ठणकायला लागतं. मग दुसरा डोळा. हे प्रत्येक पाळीला नव्याने करायचं, कालच्या सेटिंगवर जायचं नाही.

गॉगलमधून जेमतेम ४० अंशांचं जग दिसतं. डोळे फिरवून उपयोग नाही, मान फिरवावी लागते. मीटर बघायचे ते गॉगलखालच्या फटीतून, नुसत्या डोळ्यांनी. अंतराचा अंदाज तर साफ फसतो: जवळचा बारीक दिवा आणि लांबचा मोठा दिवा सारखेच वाटतात.

आता तारा. तार गॉगलमध्ये दिसेल अशी आशाच धरू नका. खांब शोधा, खांबांची रांग शोधा, झाडीतून गेलेला मोकळा पट्टा शोधा. वीजवाहिनी ओलांडायची तर टॉवरच्या डोक्यावरून, मधल्या झोळावरून नाही. आणि हे सगळं सूर्य मावळायच्या आत एकदा वरून फिरून नकाशावर मांडलेलं हवं. ज्या दरीची दिवसा पाहणी झाली नाही, त्या दरीत रात्री खाली उतरायचं नाही. आणखी एक फसवणूक: कॉकपिटच्या उजेडाचा त्रास होऊ नये म्हणून गॉगलमध्ये फिल्टर असतो, तो काही रंग अडवतो. काही टॉवरांवरचे लाल एलईडी दिवे नेमके त्यात अडकतात. नुसत्या डोळ्याला झगझगीत, गॉगलमध्ये गायब. म्हणून अधूनमधून गॉगलखालूनही बाहेर बघा.

आग हा तर सगळ्यात मोठा दिवा. ज्वाळा समोर आल्या की गॉगल आपली ताकद आपोआप कमी करतो. ज्वाळेभोवती तेजाचं वलय, आणि बाजूचा डोंगर काळाठिक्कर. म्हणून आग नाकासमोर घेऊन जायचं नाही. नाक म्हणजे घड्याळातले बारा धरलं, तर आग दहाच्या किंवा दोनच्या दिशेला, म्हणजे तिरकी ठेवा, कडेने समांतर या, पाणी सोडा आणि उताराच्या दिशेने बाहेर पडा. ती बाहेरची वाट येण्याआधीच ठरलेली हवी. मागून मी सांगत असतो: ‘शेपूट मोकळी, डावीकडे झाड, थांब, आता चल.’ उगीच बडबड नाही, पण गप्पही नाही. एक फायदा मात्र कबूल करतो. दिवसा धुरात न दिसणाऱ्या, आगीच्या रेषेपलीकडे उडालेल्या ठिणग्या गॉगलमध्ये लख्ख दिसतात.

धुराच्या बाबतीत लोक हमखास गल्लत करतात. हा थर्मल कॅमेरा नाही, याला उष्णता दिसत नाही. पातळ धुरातून थोडंफार दिसतं, आणि तोच सापळा आहे. तुम्ही आत आत जाता आणि दाट धूर आल्याचं कळतच नाही. खुणा सांगतो: चांदण्या कमी व्हायला लागतात, दिव्यांभोवतीची वलयं फुगतात, चित्रात वाळूसारखे कण खदखदायला लागतात. यातलं एकही दिसलं की वळा. चर्चा नंतर.

पाणी भरायला आम्हाला जमिनीवर उतरून पाइपने भरणं आवडतं. सांता मोनिका डोंगरातल्या ‘६९ ब्राव्हो’सारख्या तयार हेलिपॅडवर ती सोय आहे. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात २०१८ मध्ये रात्री तळ्यावर तरंगत पाणी ओढण्याच्या चाचण्या झाल्या. जमतं, पण शांत पाण्यावर नजर ठरायला काहीच नसतं. काठ नजरेत धरून ठेवा, रेडिओ अल्टिमीटर (खालच्या पृष्ठभागापासूनची उंची दाखवणारं मीटर) मोठ्याने वाचत राहा. मला गावाकडून विचारतात, २०२४ मध्ये नैनितालला हवाई दलाने भीमतालचं पाणी बांबी बकेटने (हेलिकॉप्टरखाली लटकवलेल्या मोठ्या बादलीने) टाकलं, तसंच ना? काम तेच, पण ते दिवसाचं होतं.

एका भागात दोन हेलिकॉप्टर असतील तर फेरी एकाच दिशेने, उंची वेगळी, आणि वरून समन्वय करणारा हवाच. १९७७ मध्ये अँजेलिस नॅशनल फॉरेस्टमध्ये गॉगल वापरणारी दोन हेलिकॉप्टर रात्री एकमेकांवर आदळली, एक पायलट गेला. पुढे अमेरिकेच्या वनसेवेने रात्रीचं उड्डाण बंद केलं, ते २०१३ मध्ये पुन्हा सुरू झालं.

गॉगल बंद पडला तर? ‘गॉगल गेला’ एवढंच बोला, कंट्रोल दुसऱ्या पायलटकडे द्या, ठरलेल्या दिशेने वर चढा. बॅटरी बदलणं वगैरे नंतर. वाऱ्यापुढे मात्र गॉगलचं काही चालत नाही. ७ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी लॉस एंजेलिस जळत होतं, आणि वाऱ्यामुळे विमानं-हेलिकॉप्टरं खाली बसवावी लागली.

उतरल्यावर बॅटऱ्या काढा, भिंगांना टोप्या लावा, हेल्मेट पिशवीत. हिरव्या पडद्याचा गॉगल असेल तर थोडा वेळ सगळं गुलाबी-तपकिरी दिसेल. घाबरू नका, पण ते जाईपर्यंत गाडीची किल्ली खिशातच ठेवा.